वरून तापवलेलं पाणी

पत्र:

ताई, माझं वय 27. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, वडिलांनी उभा केलेला. टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून मी कामात शिरलो. शेडमध्ये मागांचा आवाज इतका, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी जाऊन ओरडावं लागतं. म्हणून सगळ्यांसाठी इअरप्लग आणले. 4 मार्चला, सुरक्षा दिनी, सगळ्यांना जमवून अर्धा तास बोललो. पोस्टर लावली. न घालणाऱ्याला 50 रुपये दंड ठेवला, तो वडिलांनी आठवड्यात बंद केला. आज वीस-बावीस जणांत तिघं घालतात, तेही मी शेडमध्ये दिसलो की. आमचे जॉबर आहेत, मागांची दुरुस्ती-देखभाल बघणारे, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते सगळ्यांदेखत हसून म्हणाले, ‘कानात बोळे घालायला आम्ही काय म्हातारे झालो काय ओ, छोटे मालक?’ झालं, बाकीच्यांनी तेच धरलं. मला फिजिक्स आवडायचं. एका व्हिडिओत ऐकलं होतं की माणसाचा प्रभाव उष्णतेसारखा पसरतो. आपण तापलेलं राहायचं, आजूबाजूचे आपोआप तापतात. मी वर्षभर तापलेला आहे. समोरचे गारच्या गार. चुकतंय कुठं? की ही माणसंच दगड आहेत?

– अक्कलकोट रोडचा एक वाचक

उत्तर:

तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, म्हणून अरेतुरे करते. तुझा हेतू चोख आहे. यंत्रमागावर उमर गेलेल्या माणसाच्या घरी टीव्ही केवढ्यानं लागतो हे पूर्व भागात कुणालाही विचार. जिन्यातच मालिका ऐकू येते. तेव्हा विषय खरा आहे, आणि माणसं दगड नाहीत. असली तरी काही बिघडत नाही म्हणा. दगड सावकाश तापतो तसा सावकाशच निवतो.

व्हिडिओवाल्यानं मात्र तुला अर्धाच धडा सांगितला. उष्णतेची उपमा वाईट नाही, तुझ्या कारखान्याला तर ती मापानं शिवल्यासारखी बसते. पण उपमा उसनी घ्यायची तर तिच्यातलं शास्त्रही सोबत घ्यावं लागतं. एकानं तापत राहायचं आणि बाकीच्यांनी आपोआप तापायचं असं असतं, तर मे महिन्यात हिप्परग्याच्या तलावाचं पाणी तळापर्यंत कढत झालं असतं. उन्हाळ्यात खोल पाण्यात उतरलेल्याला विचार: छातीशी कोमट, पायाशी गार. सूर्याहून तापलेला दुसरा कोण आणणार आहेस तू?

हे वर्गात दाखवायचा एक जुना प्रयोग आहे. परीक्षानळीत तळाशी बर्फाचा खडा टाकायचा. बर्फ तरंगतो, म्हणून वरून तारेच्या जाळीचा बोळा घालून तो खाली दाबून ठेवायचा. नळी पाण्यानं भरायची, तळाशी चिमट्यात तिरकी धरायची आणि ज्योत लावायची ती वरच्या टोकाला. थोड्या वेळात वरचं पाणी खळाखळा उकळायला लागतं, वाफा निघतात, आणि तळाला बर्फाचा खडा तसाच्या तसा. पहिल्यांदा बघणाऱ्या पोरांना ही हातचलाखी वाटते. कारण सरळ आहे. तापलेलं पाणी हलकं होतं आणि हलकं पाणी वरच राहतं, खाली यायचं त्याला कारणच नसतं. पाणी स्वतः उष्णतेचं वाहक म्हणूनही सुमार. तीच ज्योत तळाला लाव: खालचं पाणी तापून वर येतं, वरचं गार पाणी त्याच्या जागी खाली जातं, आणि सगळी नळी ढवळली जाते. याला आपण अभिसरण म्हणतो.

तू वरून तापवतोयस. वर्षभर तेच चाललंय. मालकाच्या मुलानं जमवलेली सभा, मालकाच्या मुलानं लावलेलं पोस्टर, मालकाच्या मुलानं ठेवलेला दंड. त्यानं जो थर उकळला तो वरचाच: तू, तुझे मुनीमजी, आणि फार तर कारखाना बघायला येणारा एखादा अधिकारी. शिवाय वरून येणाऱ्या उष्णतेचं माणूस काय करतो हे तुझ्याच शेडमध्ये दिसतं. मे महिन्यात दुपारी पत्रा तापून डोक्यावर आग ओकायला लागला की माणसं काय करतात? आडोसा शोधतात, डोक्यावर टॉवेल टाकतात. मामांचा तो विनोद तसाच टॉवेल होता. सगळ्यांनी तो पटकन आपापल्या डोक्यावर ओढून घेतला.

आता खाली कोण आहे ते बघ. तू पत्रात जॉबरचा उल्लेख केलास, मागवाल्यांचा केलास. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांचा एका शब्दानं नाही. त्यांचे कान काय निराळे आहेत? त्यांचं काम त्याच आवाजात चालतं. आणि शेडमध्ये जागेवरून हलणारी माणसं कोण? मागवाला आपल्या मागांशी बांधलेला. या मागावरून त्या मागावर फिरतो तो कांड्या पोचवणारा, झाडलोट करणारा, चहा आणणारा पोरगा. अभिसरणात उष्णता घेऊन जाणारा स्वतः जागा सोडून जातो, तेव्हाच ती लांब पोचते. आणि शेडच्याही बाहेर, लांब पोचणारं माणूस तुझ्या कारखान्यात कांडीवाल्या बायकांतच सापडेल असा माझा अंदाज आहे. त्या एकत्र बसतात, एकत्र जेवतात, एकाच गल्लीत परत जातात, आणि गल्लीतल्या दुसऱ्या कारखान्यांतल्या बायकांशीही बोलतात.

पोस्टर कोणत्या भाषेत आहेत? मराठीत आणि वर थोडं इंग्रजी, बरोबर? तुझ्या शेडमध्ये निम्मी माणसं घरी तेलुगू बोलत असतील, काही कन्नड. आपली चादर ऊब तयार करत नाही, धाग्यांच्या मधे थांबून राहिलेली हवा ऊब पलीकडे जाऊ देत नाही एवढंच. थांबलेल्या हवेइतका हट्टी अडसर नाही. एका शेडमध्ये बारा-बारा तास राहून ज्या लोकांचं बोलणं एकमेकांत जात नाही, त्यांच्या मधे अशीच थांबलेली हवा असते. पोस्टर काढून टाक असं नाही म्हणत. पण त्याच्याकडून फार आशा धरू नकोस, आणि निदान ते तेलुगूतही असू दे.

मग तू काय करायचं? जवळ जायचं, आणि जवळ म्हणजे किती ते सांगते. दोन गुळगुळीत धातूचे तुकडे एकमेकांवर ठेवले तरी ते मोजक्या ठिकाणीच टेकतात, बाकी फटीत हवा असते. म्हणून तर कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर पंखा बसवताना मधे पेस्ट भरतात. ‘माझ्या केबिनचं दार सगळ्यांना उघडं आहे’ हा तसाच वरवरचा स्पर्श. तू एसीच्या केबिनमधून दहा मिनिटांसाठी शेडमध्ये येतोस, कानात प्लग घालून फेरी मारतोस, जातोस. त्यातून माणसं काय शिकतात? प्लग ही साहेबांनी घालायची वस्तू आहे, एवढंच.

प्लग नीट घालायला तरी कुणी शिकवलंय का त्यांना? फोमचा प्लग नुसता कानाच्या तोंडाशी खोचला तर तो निम्मा बाहेर राहतो आणि निम्माच काय, जवळजवळ काहीच काम करत नाही. तो आधी बोटांत वळून वळून बारीक, सुरकुती न पडता, बिडीसारखा करायचा. मग डोक्यावरून पलीकडचा हात आणून कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली नळी सरळ होते. मग प्लग आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. हे भाषणात सांगून होत नाही. एकेकाशेजारी बसून, आपल्या कानात करून दाखवून, त्याला करायला लावून होतं. आणि बिडी वळलेल्या बाईच्या बोटांना हे वळण शिकवायची गरज पडणार नाही. तुझ्या कांडीवाल्यांत अशा किती निघतील बघ. दुसरी गोष्ट हातांची. मागावरचे हात तेलाचे आणि कापसाच्या तुसाचे. त्या हातांनी वळलेला फोम दुसऱ्या दिवशी काळा होतो आणि कानात खाज सुटते. दोरीचे, धुता येणारे रबरी प्लग आणून बघ, आणि शेडच्या दाराशी साबण ठेव. कानावर बसणारे मोठे मफ आणायचा मोह आवर, 43 अंशात ते कुणी घालणार नाही आणि मीही घालणार नाही.

ते तिघं आहेत ना, त्यांचे माग शेडमध्ये कुठं कुठं आहेत? तीन कोपऱ्यांत असतील तर एकमेकांशेजारी आण. गार घोळक्यातला एकटा गरम जीव सगळ्यात वेगानं निवतो. न्यूटननं 1701 मध्येच मांडलंय, आजूबाजूशी फरक जेवढा जास्त तेवढं निवणं जलद. तुझं भाषण ऐकून जो थोडा तापला असेल तो आपल्या मागाशी परत गेला, दोन्हीकडे न घालणारे, आणि पाळी संपेपर्यंत त्यानं प्लग खिशात टाकला. माणसांवरचे प्रयोगही हेच दाखवतात. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी 1950च्या दशकात रेघांची लांबी ओळखायचे जे प्रयोग केले, त्यांत आधी पढवून ठेवलेले बाकी सगळे मिळून चुकीचं उत्तर द्यायला लागले की समोरचा माणूस साधारण तीन वेळांत एकदा डोळ्यांनी दिसतंय ते सोडून त्यांच्यामागं जायचा. पण खरं बोलणारा एक, फक्त एक सोबती मिळाला की हे प्रमाण एकदम उतरायचं. शेजारी दोघं घालणारे असणं आणि शेडभर तिघं विखुरलेले असणं, यात म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, हे आपल्या माणसांनी ॲशच्या कितीतरी आधी ओळखलं होतं.

अमेरिकेत आयोवातल्या शेतकऱ्यांचंही सांगते, कारण तुझी निराशा त्यात बरीच कमी होईल. तिथं संकरित मक्याचं बी कसं पसरलं याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी 1943 मध्ये छापला. बियाण्याबद्दल जवळजवळ निम्म्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते विक्रेत्याकडून. पण ते पेरायचं ठरवताना सगळ्यात जास्त वजन पडलं शेजाऱ्याच्या शब्दाचं. तुझं भाषण विक्रेत्याचं काम करून गेलं. सगळ्यांना माहीत झालं. पुढचं काम भाषणाचं नव्हतंच.

इथपर्यंत उपमा आपल्याला पोचवते. पुढं ती लंगडते, आणि तू तिच्या नादानं एक मोठी गोष्ट सोडून दिलीस. उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, म्हणून तू धरून चाललास की तू गरम, ते गार. देणारा तू, घेणारे ते. भौतिकशास्त्रातसुद्धा हे इतकं एकेरी नाही. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ प्रेव्हो यांनी 1791 मध्ये मांडलं की प्रत्येक वस्तू, गार असो की गरम, सतत उष्णता सोडतही असते आणि घेतही असते. गरम वस्तू निवते ती देणं जास्त आणि घेणं कमी म्हणून. गार वस्तू मुकी नसते. तुझ्या माणसांकडून तुझ्याकडे काहीतरी येतंय, वर्षभर येतंय, आणि ते तू घेतलं नाहीस.

त्यांना विचार, प्लग का नको. दंड नाही, उपदेश नाही, नुसतं विचार. मला वाटतं पहिलं उत्तर मिळेल ते आवाजाचंच असेल. चार माग सांभाळणारा माणूस डोळ्यांनी एक माग बघतो आणि कानांनी तीन. आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा ठोका बदलला, कुठं काही ढिलं झालं, माग थांबला, हे त्याला आधी ऐकू येतं. त्यात मजुरी नगावर. कानात प्लग घालून माग थांबल्याचं कळायला उशीर झाला तर तुझ्या आरोग्य मोहिमेची किंमत तो त्याच्या पगारातून भरणार. त्याचं ‘नको’ हे अडाणीपण नाही, हिशोब आहे. हा हिशोब तूच बदलू शकतोस. पहिला महिना प्लग घालणाऱ्याचं उत्पादन कमी भरलं तरी मजुरी मागच्या महिन्याइतकीच धर. चांगले कान असलेल्याला एवढ्या गोंगाटात प्लग घालूनही यंत्राचा बदललेला आवाज कळतो, थोडे दिवस सवयीचे लागतात. पण ही सवय लागेपर्यंतचा तोटा त्यानं का सोसायचा?

आणि मामा. त्यांच्यावर चिडू नकोस. इतकी वर्षं त्या आवाजात काढलेल्या माणसाचे कान आधीच उतरलेले असण्याची शक्यता दाट आहे. गोंगाटानं जाणारी ऐकण्याची शक्ती पहिल्यांदा साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास जाते, म्हणजे उंच, बारीक आवाज. स, श, त, फ असली व्यंजनं विरून जातात. बोलणं ऐकू येतं पण उमगत नाही, लहान पोरांचं तर अजिबात नाही. अशा माणसाच्या कानात भारी प्लग घातला की उरलंसुरलंही जातं, आणि मग त्याला माग खरंच ऐकू येत नाही. त्यांनी हसून टाळलं त्याच्यामागं हे असू शकतं. चारचौघांत कोण सांगेल? त्यांना कमी आवाज अडवणारा हलका प्लग लागेल, तो नंतर बघू. आत्ता त्यांना प्लग घाला असं म्हणूच नकोस. त्यांना विचार की मामा, शेडमधले सगळ्यात जास्त बोंबलणारे पाच माग कोणते. ते डोळे मिटून सांगतील. धोट्याला ढकलणारा कुठला पिकर झिजलाय, कुठला बोल्ट सैल आहे, कुठं तेल गेलेलं नाही, कुठल्या मागाखाली रबरी पॅड घातला तर जमीन हादरायची थांबेल, हे त्यांच्याइतकं तुला डिप्लोम्यानं शिकवलेलं नाही.

इथं मी जरा कडक बोलणार आहे. आवाज मागाचा, माग तुमचा, आणि बंदोबस्त मात्र मजुरानं आपल्या कानात करायचा, हा क्रम उलटा आहे. आधी आवाज जिथं तयार होतो तिथं कमी करायचा, मग माणसाचा त्या आवाजातला वेळ कमी करायचा, आणि एवढं करून जो उरेल त्याच्यासाठी प्लग. आठ तासांच्या पाळीला 85 डेसिबल ही धोक्याची रेघ जगात बऱ्याच ठिकाणी मानतात, आपल्याकडच्या कारखाना नियमांत ती 90 आहे, आणि धोट्याच्या मागांची शेड 90च्या पुढं असतेच. आवाज 3 डेसिबलनं उतरला म्हणजे त्याची ऊर्जा निम्मी झाली, तेव्हा पाच माग दुरुस्त करण्याला किरकोळ समजू नकोस. वडिलांशी बोलायचं ते या खर्चाबद्दल बोल. ज्या दिवशी शेडमध्ये पहिल्या मागाखाली पॅड बसेल, त्या दिवशी माणसांना कळेल की हा पोरगा नुसता आपल्याच कानांच्या मागं लागलेला नाही, बापाच्या खिशालाही हात घालतोय. तुझ्या अर्ध्या तासाच्या भाषणानं जे झालं नाही ते यानं होण्याचा संभव आहे.

वर्षभर आकडा हलला नाही याचं तुला वाईट वाटतंय. बर्फ शून्य अंशाला वितळत असतो तेव्हा तापमापकातला पारा जागचा हलत नाही, आणि तरी प्रत्येक ग्रॅममागं 80 कॅलरी उष्णता आत जात असते. ही अप्रकट उष्णता. फिजिक्सवाला पोरगा असल्या ठिकाणी लगेच स्वतःची समजूत घालतो की माझंही तसंच चाललं असेल. पारा शेगडी बंद असली तरी हलत नाही रे! दोन्हींतला फरक ओळखायचा तर प्लग घातलेली डोकी मोजून कळणार नाही. तू दोन दिवस बाहेरगावी असताना कुणी घातला का? फाटला म्हणून कुणी दुसरा मागितला का? घरी बायकोला, मिक्सरच्या आवाजासाठी म्हणून, कुणी एक जोडी नेली का? ‘हे कानात दुखतं’ अशी तक्रार आली का? तक्रार आली तर आनंद मान. न घालणारा तक्रार करत नाही. यातलं काहीच नसेल तर तुझी शेगडी पेटलेलीच नव्हती असं समज आणि सुरुवात कांडीच्या खोलीतून कर.

सुरुवात म्हणून सगळ्यांच्या कानांची तपासणी करून घे. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू असेल तर त्यांच्याकडे, नाहीतर सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री होते. गोंगाटानं येणारा बहिरेपणा कायद्यानं नोंदवायच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, त्यामुळं तुझे वडील आधी बिचकतील. त्यांना सांग की दडवलेलं नंतर महाग पडतं. पहिला नंबर तुझा आणि वडिलांचा लाव, त्यांनीही तरुणपणी मागावर उभं राहून काढलेलंच असेल. निकालाचा कागद ज्याचा त्याच्या हातात दे, भिंतीवर लावू नकोस. आणि तपासणी पाळी सुटल्यावर ठेवू नकोस. दिवसभराच्या गोंगाटानं कान तात्पुरते बधिर झालेले असतात आणि निकाल चुकतो. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, माग सुरू व्हायच्या आधी पाठव. त्या सकाळची मजुरी कापायची नाही, हे मुनीमजींना आदल्या दिवशीच सांगून ठेव.